रिबूच्या धड्यातली राहिलेली ओळ

धाकट्या नातीनं देवळात आपल्या तोंडानं विश्वास कबूल केला, तिचं दृढीकरण झालं, ते वर्ष. दृढीकरणाच्याच रविवारची दुपार. जेवणं उरकली आहेत, पाहुणे एसटी गाठायला गेलेत आणि साळूबाई मकासरे सोप्यात वाकळ टाकून आडवी झाली आहे. डोळा लागतो आहे, पण पुरता लागत नाही. सुनेचं बोलणं मध्ये रुतलं आहे.

भांडी विसळताना सुलता म्हणाली होती, "आत्याबाई, रागावू नका. वीस वर्षं देवळात तुमच्या शेजारी उभी राहते. प्रभूची प्रार्थना सगळी म्हणता आणि मधली एक ओळ गिळता. आज पोरीनं सगळ्यांसमोर घडाघडा म्हणून दाखवली. आज तरी म्हणायची."

"ठसका लागला होता."

"वीस वर्षं?"

साळूबाई ताटं पुसायला लागली. 'तुझे राज्य येवो' पर्यंत तिचा आवाज मंडळीच्या आवाजात असतो. मग देवाच्या इच्छेची ओळ येते आणि तिचे ओठ मिटतात. भाकरीच्या मागणीला पुन्हा उघडतात. नवरा थोमा वारला तोवर हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. सुनेच्या आलं.

छपराच्या पत्र्यातून उन्हाची एक तिरीप खाली येते. तिच्यात धूळ तरंगते आहे. धूळ हळूहळू थांबते, एका जागी उभी राहते. आणि उंबऱ्यावर रिबू बसलेली आहे.

केस मोकळे, ओले, कमरेखाली आलेले. पांढरं पातळ, नर्सिंगच्या शाळेतलं. पायात चप्पल नाही.

"उंबऱ्यावर नको बसू," साळूबाई म्हणते. आधी तेच तोंडात येतं. मग म्हणते, "तू गेलीस ना गं?"

"गेले की. म्हणून काय घरी येऊ नये?"

"ये ना. भाकरी टाकू?"

"बघा! तेवीस वर्षांनी लेक आली तरी हिची चूलच आधी." रिबू हसते. हसताना डावा दात थोडा पुढे येतो, तसाच येतो. "पुस्तक कुठंय तुझं? धडा राहिलाय आपला."

हा धडा साळूबाईनं जपून ठेवला आहे, आणि हे पोरीला कळता कामा नये.

पुस्तक आधीच मांडीवर आहे. मोठ्या टायपाचं शास्त्र, म्हणजे बायबल, मत्तयाचा सहावा अध्याय. चाळिशी उलटल्यावर साळूबाई याच पानावर अक्षरं शिकली. रिबू सुटीत घरी आली की म्हणायची, आई, प्रार्थना तुला पाठ आहेच, आता तोंडातला शब्द कागदावर कुठं बसलाय तेवढं शोधायचं. पण पाठ असण्याचाच घोळ व्हायचा. साळूबाईचं तोंड 'पवित्र मानले जावो' म्हणून मोकळं व्हायचं आणि बोट अजून 'पित्या'वरच असायचं. मग रिबू बोट धरायची. "तोंड पळालं पुढं, बोट राहिलं बांधावर. पुन्हा." दिवसाला एक ओळ. 'तुझे राज्य येवो' झालं तेव्हा रिबूचं अंग तापलेलं होतं. पुढची ओळ उद्या, म्हणाली.

पुढं देवळातल्या पाळकीणबाईंनी साळूबाईला बाकीची अक्षरं शिकवली. आता ती स्तोत्रं वाचते, पौलाची पत्रं वाचते. पण या पानावर तिचं बोट त्या ओळीपाशी येऊन उचललं जातं.

"वाच," रिबू म्हणते.

"चष्मा नाही."

"डोळ्यांवर आहे."

आहे खरा. साळूबाई मान वर करते, तर सोप्याची भिंत हिरवी झाली आहे, अर्धी हिरवी, अर्धी पांढरी. लोखंडी खाटा ओळीनं लागल्या आहेत. मिशनच्या दवाखान्याचा बायकांचा वॉर्ड. फिनेलचा वास. शेवटच्या खाटेवर रिबू आहे आणि इथं तिच्या शेजारीही रिबूच आहे, आणि त्याचं काही नवल वाटत नाही. खाटेवरच्या रिबूचं डोकं भादरलेलं आहे. विषमाचा ताप मस्तकात चढू नये म्हणून केस काढले होते.

खाटेच्या पायथ्याशी पाळकसाहेब उभे आहेत. डोळे मिटलेले, हात छातीशी. चांगला माणूस. भर उन्हात सायकल मारत आला आहे. ते म्हणतात, "प्रभू, या लेकराच्या बाबतीत तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." भोवतीच्या बायका म्हणतात, आमेन.

साळूबाईचा हात रिबूच्या पायावर आहे. पाय अजून गरम आहे.

"इथं मी तोंड उघडणार होते," ती शेजारच्या रिबूला म्हणते. "आणि त्यांनी आमेन म्हणून टाकलं. बाई, पोर माझी, श्वास चालू होता! माझं मागणं अजून घशात होतं. आमेनच्या पुढं काय बोलायचं? मी गप बसले."

"काय मागणार होतीस?"

"आता काय त्याचं."

"आता सांग की. इथं कोण आमेन म्हणतंय?"

खरंच कुणी नाही. खाटा नाहीत, आता देवळातले बाक आहेत, रिकामे. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी. सकाळी नातीनं ज्या जागी गुडघे टेकले, तिथं कुणाच्या तरी पायांचे ओले ठसे आहेत. साळूबाई वेदीच्या पायरीवर बसते आणि तिच्या तोंडातून ते निघतं, पहिल्यांदा, मोठ्यानं.

"मला माझी रिबू पाहिजे. बरी करून पाहिजे. दुसरं काही नको. राज्य येईल तेव्हा येऊ दे, मला माझी पोर दे."

आवाज छपराला लागून परत येतो. विजा पडत नाहीत. घंटा तशीच लोंबकळत असते.

"झालं?" रिबू विचारते.

"झालं."

"हं. प्रभूनंही आधी हेच केलं, आई. बागेत, क्रूसावर जायच्या आदल्या रात्री. हा प्याला टळू दे म्हणाला. एकदा नाही, फिरून फिरून. सोबतीला नेलेले तिघं घोरत पडले होते. तो घामानं भिजला, तेव्हा कुठं तुझ्या इच्छेप्रमाणे म्हणाला. ती ओळ त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटली. दुसऱ्या कुणी त्याच्या वतीनं उरकून टाकली नाही."

"मग माझ्या वतीनं का उरकली?"

"चुकलंच त्यांचं. रडणाऱ्या बाईपुढं काय बोलावं ते पुष्कळांना समजत नाही. जवळ होतं ते बोलले. सोड त्यांना. कधीच इकडं आलेत ते, आणि अजून लांबलचक प्रार्थना करतात."

साळूबाईला हसू येतं आणि त्या हसण्यातच डोळे भरतात.

"म्हण आता."

"नाही म्हणत."

"राग आहे अजून?"

"राग नाही." साळूबाई पदर तोंडाला लावते. मग सांगूनच टाकते. "ती ओळ वाचली की तुझा धडा संपतो. उद्या शिकवते म्हणाली होतीस. राहिलाय तोवर तुला यायला काही कारण आहे. संपल्यावर कशाला येशील तू?"

देऊळ नाही, आता घरामागचं अंगण आहे, शेवग्याची सावली, दुपारच म्हणायची ती. रिबू आईच्या दोन गुडघ्यांमध्ये पाठ करून बसते, लहानपणी बसायची तशी, आणि पुस्तक आपल्या मांडीवर उघडते.

"वेणी घाल."

तेलाची वाटी शेजारी आहे. साळूबाई तेल घेते. शवपेटीत ठेवताना डोक्याला रुमाल बांधला होता, वेणी घालायला केसच नव्हते. आता ओंजळभर आहेत, जड, काळेभोर. ती मुळापासून तेल जिरवत जाते. बोटांना टाळूची ऊब लागते.

"आई, मी अडकलेली नाही," रिबू पुस्तकाकडं बघत म्हणते. "तूच अडकलीस. पुढची ओळ भाकरीची आहे, ठाऊक आहे ना? आजची भाकर. देवळात ती म्हणतेस, पण इच्छेची ओळ ओलांडून उडी मारून जातेस, म्हणून अंगी लागत नाही. तू गप राहतेस तेव्हा सगळी मंडळी तुझ्या वाटची ओळ म्हणत असते. सुलता मुद्दाम जोरात म्हणते, ऐकलंस कधी?"

साळूबाईनं ऐकलेलं नाही.

"आणि मी?" ती विचारते. "मी तुला कुठं बघायचं?"

"जसे स्वर्गात, तसे पृथ्वीवरही. दोन्ही नावं एकाच ओळीत आहेत. मी एकीकडं, तू एकीकडं. आपण दोघी एकत्र आहोत अशी शास्त्रातली एवढीच जागा तू गिळत आलीस."

साळूबाईचे हात केसांत आहेत, बोट लावायला मोकळं नाही. म्हणून रिबू आपलं बोट ओळीखाली ठेवते. बोट सरकतं. साळूबाई पोरीच्या खांद्यावरून वाचते. जसे. एक पेड. स्वर्गात. दुसरा. तसे पृथ्वीवरही. तोंड पुढं पळत नाही, बोट मागं राहत नाही. तुझ्या, इच्छेप्रमाणे. इथं आवाज फाटतो, रिबूचं बोट थांबून राहतं, घाई करत नाही. होवो.

वेणी संपली आहे. बांधायला रिबन नाही. साळूबाई शेंडा चिमटीत धरून ठेवते, घट्ट.

"सोड, आई. सुटत नाही ती."

चिमूट सुटते.

तिरीप सरकून कोनाड्यापर्यंत गेली आहे. स्वयंपाकघरात कपबशा वाजतात. "आत्याबाई, उठा, चहा झालाय," सुलता सांगते.

साळूबाई हात टेकून उठायला जाते आणि हात जमिनीवरून घसरतो. ती तळवे वळवून बघते. दोन्ही तळवे तेलानं माखले आहेत, रेघारेघांत तेल भरलं आहे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.

"हे काय, तेल कुठून सांडलं?" सुलता फडकं पुढं करते.

"राहू दे," साळूबाई म्हणते आणि हात पुसत नाही.

रिबका थोमा मकासरे, वय एकवीस, विषमज्वरानं ११ ऑगस्ट १९८१ रोजी, मंगळवारी सकाळी, वारली.