मुलांच्या कोर्टात मी दिलेलं उत्तर

माझा भाऊ अकरा वर्षांचा असताना कोर्टाने त्याला तीन वर्षांसाठी सुधारशाळेत पाठवलं. कोर्टाने पाठवलं, असं मी आयुष्यभर सांगत आले. खरं तर ते मी केलं.

वडील गेल्यावर तो घरात टिकेना. आई पहाटे मिठागरावर जायची आणि हा बिनतिकिटाचा कल्याणला पळायचा, यार्डातला कोळसा उचलणाऱ्या पोरांत राहायचा. तिसऱ्यांदा सापडला तेव्हा ठाण्याच्या रिमांड होममध्ये ठेवला. तिथे मनाचे एक डॉक्टर यायचे. त्यांनी त्याच्याकडून चित्रं काढून घेतली, गप्पा मारल्या आणि लिहून दिलं, की पोरगा वाईट नाही, बाप गेल्यापासून घाबरलाय, घरीच सुधारेल.

मुलांचं कोर्ट म्हणजे साधी खोली होती. मॅजिस्ट्रेटसाहेब, त्यांच्या शेजारी एक समाजसेविका बाई आणि कोपऱ्यात कारकून. भाऊ समोरच्या बाकावर बसला होता, पाय जमिनीला टेकत नव्हते. साहेब म्हणाले, "आजच घरी घेऊन जा याला. नेणार ना?"

साहेबांना सांग म्हणून आईने पदर तोंडाशी धरून माझ्या कानात सांगितलं, "आज आवस हाय. आज पोराला घरान नाय नेवाचा. उद्या घट बसले का सकालीच येताव."

सर्वपित्री अमावास्या होती. वडिलांना इस्पितळातून अवसेलाच घरी आणलं होतं आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. आईची भीती मला कळत होती. पण मी पडले गावातली सातवीची फायनल पास झालेली पहिली मुलगी! त्या बाईंच्या इस्त्रीच्या पातळासमोर 'अवस' म्हणायची मला लाज वाटली. आई दाराशीच थांबली आणि मी टेबलापाशी जाऊन हळू आवाजात, शुद्ध बोलले, "आज नको. जमणार नाही."

"का?" बाईंनी विचारलं.

"नाहीच जमणार."

कारकुनाने काहीतरी लिहून घेतलं. भाऊ माझ्याकडे बघत होता. अजूनही बँकेत, पोस्टात कुणी मला नुसतं "का?" विचारलं, तरी तो बाकावर बसलेला दिसतो.

दुसऱ्या दिवशी आई न्हाऊन, धुवट लुगडं नेसून, त्याच्यासाठी घावने बांधून निघाली. रिमांड होमच्या फाटकावरच्या शिपायाने सांगितलं, त्याला सकाळीच लांबच्या सुधारशाळेत नेलं. घरचे घ्यायला तयार नाहीत, असा शेरा पडला होता. मी दोन अर्ज केले. त्यांतही अवस लिहिली नाही. 'आता घरची परिस्थिती सुधारली आहे' असं लिहिलं, वळणदार अक्षरात. काही झालं नाही.

तीन वर्षं आई साहेबाला शिव्या घालत होती. "मेल्याच्या घरान आवस येत नाय का?" म्हणायची. मी खाली बघून तांदूळ निवडायची. भेटीला मी एकटीच जायची, कारण गजाआड पोर बघणं आईला सोसत नव्हतं. तो माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायचा. घरचं त्याने कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. किती भित्री होते मी!

चौदाव्या वर्षी तो आला. उंच झाला होता, आवाज फुटला होता. आपल्याच घराच्या उंबऱ्याबाहेर थांबून त्याने विचारलं, "येऊ का?" आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्याला पोटाशी धरून ती रडली. जेवायला वाढताना म्हणाली, "त्या सायबाला सांगतला व्हता रं, आवस हाय, एक दिस थांब. तरी तुला नेला."

त्याने हातातला घास खाली ठेवला. "ताई असा काय बोललीच नाय. नुसती नको बोलली."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलू शकले असते, पण बोलले नाही. तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने त्याच्या ताटात भात वाढला.

त्यानंतर आई वीस वर्षं जगली. दवाखान्यात, कचेरीत, कुठेच तिने मला सोबत नेलं नाही. लोक तिच्या बोलण्याला हसायचे, तरी जे सांगायचं ते ती स्वतःच सांगायची.