अकरा गावांत पिटलेली दवंडी

जळालेला माणूस निंबाखाली पडून होता, अन् सगळं गाव वीस पावलं लांब उभं होतं. मी गाडीतून उतरलो तवा दिवस माथ्यावरून ढळला होता. माणूस जिता होता. छाती वरखाली होत होती, ती लांबूनबी दिसत होती.

"पाणी पाजलं का?" मी विचारलं.

गावचे पोलीस पाटील माणिकराव पुढं आले. हात जोडून म्हणाले, "न्हाई जवानसाब. तुमी सांगितलं तसंच केलं. कोणाला हात लावू दिला न्हाई."

माझी बायको गयाबाई गाडीतच बसली होती. तिनंबी ऐकलं.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट, दुसऱ्या जर्मन लढाईच्या आधीची. मी पोलिसात जवान होतो. जवान म्हणजे शिपाई. आमच्या ठाण्याचा मोठा साहेब अमीन, म्हणजे आताचा फौजदार. माझ्याकडं अकरा गावांचा हल्का होता. आता त्याला बीट म्हणतेत. त्या गावांत काहीबी झालं की मी जायचं, बघायचं, अन् ठाण्यात येऊन सांगायचं. लिहायचं काम मुन्शीचं. मला सही यायची अन् थोडं मराठी वाचता यायचं, बस.

त्या गावाचं नाव मी लिहीत न्हाई. तिथल्या लोकांची चूक नव्हती.

त्या साली पावसाळ्यात दुसऱ्या एका गावात एक म्हातारा विहिरीत पडून मेला होता. अमीनसाब पंचनाम्याला गेले. पंचनामा म्हणजे पाच माणसांसमोर जागा बघायची, काय कसं पडलं हाय ते लिहून घ्यायचं. तिथं लिहायला काही उरलंच नव्हतं. लोकांनी म्हाताऱ्याला वर काढून, अंघोळ घालून, कपाळाला बुक्का लावून ओट्यावर ठेवला होता. धक्का दिला का पाय घसरला, काही कळायला मार्ग न्हाई. साहेबांनी विचारलं, काढला काहून? लोक म्हणाले, जिता वाटला म्हणून काढला.

परतताना साहेबांनी मला घोड्यावरून शिव्या दिल्या. मी खाली चालत होतो. ठाण्यापर्यंत दिल्या. "तेरा हल्का है. गाँव वालों को सिखाता क्या है तू?"

मला ते लई लागलं. दुसऱ्या हप्त्यात मी अकराही गावांत दवंडी पिटवली. विहिरीत पडलेला असो, जळालेला असो, झाडाला लटकलेला असो, पोलीस आल्याबिगर कोणी हात लावायचा न्हाई. लावंल तो ठाण्यात जाईल. अन् शेवटी मी माझ्या मनानं एक घातलं: जिता वाटला म्हणून हात लावला, ही सबब ऐकली जाणार न्हाई.

साहेबांनी तसं सांगितलं न्हवतं. ते फक्त लाशेबद्दल बोलले होते. पण लोक दरवेळेस तीच सबब सांगतेल, म्हणून मी ती वाटच बंद केली. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अब आई अक्कल." मी खुश झालो. घरी येऊन गयाबाईला सांगितलं की साहेबांनी शाबासकी दिली. कशाबद्दल, ते तिनं विचारलं न्हाई अन् मी सांगितलं न्हाई.

मंग चैत्रात हे झालं. मी दोन दिवसांच्या रजेवर होतो. गयाबाईला घेऊन जवळा बाजारला गेल्तो. तिच्या भावाच्या लग्नासाठी लुगडं घ्यायचं होतं. अंगावर धोतर अन् बंडी. लुगडं घेऊन गाडी जुंपली, तेवढ्यात त्या गावचा कोतवाल लिंबाजी पळत आला. कोतवाल म्हणजे चावडीवरचा, निरोप पोचवणारा माणूस. धापा टाकतच म्हणाला,

"सखारामच्या गोठ्याला आग लागली जवानसाब. बैलं सोडायला आत गेला अन् वरून आढं पडलं. सरपटत भाईर आला. लई जळाला."

"कधी?"

"सकाळी. दिवस कासराभर वर आला व्हता. मी आधी ठाण्यात गेलो. अमीनसाब दौऱ्यावर. तिथं म्हणले, ह्यो तुमचा हल्का, तुमी रजेवर, बाजारला गेलेत. मंग इकडं आलो."

म्हणजे माणूस सकाळी जळाला, अन् मला कळलं दुपारी. लिंबाजी सात-आठ कोस पायी फिरला होता. त्याला गाडीत घेतलं अन् बैलं पळवली.

पुढचं वर सांगितलंच. गावानं आग बराबर विझवली होती. माती टाकली, पाणी टाकलं, शेजारच्या कडब्याच्या गंजीला धग लागू दिली न्हाई. येवढी शहाणी माणसं. अन् जिता माणूस तसाच ठेवला, कारण मी धाक घातला होता. सखारामच्या बायकोला, धुरपताला, चौघीजणींनी धरून ठेवलं होतं. तिच्या बांगड्या फुटून मनगटातून रगत येत होतं.

"तिला काहून धरलं?" मी ओरडलो.

एक म्हातारी म्हणाली, "सोडलं तर हात लावंल न् बापा. मंग तुमी तिला न्याल. लेकरं हायत तिला."

मी उभाच राहिलो. गयाबाई गाडीतून उतरली, आमचा पाण्याचा तांब्या घेतला अन् चालायला लागली. माणिकराव मधी आले. "बाई, थांबा. पंचनामा व्हायचा हाय."

"जित्या माणसाचा कसला पंचनामा करता?" ती म्हणाली. "सरका."

तिनं त्याच्या तोंडात थेंब थेंब पाणी सोडलं. नवं लुगडं बादलीत बुडवलं अन् त्याच्या अंगावर पांघरलं. बायांनी धुरपताला सोडलं. सखारामनं डोळे उघडले. "बैलं?" म्हणाला.

"दोन्ही जिती हायत," धुरपता म्हणाली. एक मेला होता. गोठ्याच्या दारात पडलेला मला दिसत होता.

सरकारी दवाखाना हिंगोलीला. गाडीनं न्यायचं तर दुसरा दिवस उजाडला असता. सडकेवरून दिवस कलताना हिंगोलीची मोटार, म्हणजे आताची बस, जायची, तीच गाठायची ठरवली. सखारामला गाडीत कडब्यावर घातलं. गयाबाई अन् धुरपता त्याच्या उशाला बसल्या. वाटेत गयाबाईनं मला हळू विचारलं, "पाटील असं काहून म्हणले, तुमी सांगितलं तसं केलं?"

"घाबरून माणूस काहीबी बोलतो," मी म्हणालो.

मोटार आली. मी वाटेत आडवा उभा राहिलो. ड्रायव्हरनं मान भाईर काढली.

"कोण रे तू?"

"पोलीस हाय. जळालेला माणूस हाय, दवाखान्यात न्यायचा."

"पोलीस असा बंडीवर असतो व्हय? वर्दी कुठाय?"

"रजेवर हाय."

"मंग रजेवरच ऱ्हाय. माणूस गाडीत मेला तर तुझंच ठाणं माझी मोटार अडकवून ठेवंल. तुमचे कायदे मला माहीत हायत."

खरंच अडकवली असती. आमी तसंच करायचो. मी त्याच्या पाया पडलो. पोलिसाच्या नोकरीत कोणाच्या पाया पडायची ती माझी पहिली वेळ. एक कापडाचा यापारी मोटारीत होता, तो उतरून म्हणाला, "घे रे, मी टपावर बसतो." मंग दोघं-तिघं उतरले, जागा झाली.

दवाखान्यात डॉक्टरनं लुगडं उचलून बघितलं. "कब जला?"

"सुबह, साब."

"सुबह का जला और अब लाए? दिन भर पानी तक नहीं दिया? क्यूँ?"

गयाबाई दारात उभी होती. धुरपता खाली बसली होती. मी म्हणालो, "गाँव के लोगाँ हैं साब. जाहिल हैं. डर गए."

सखाराम दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. सकाळीच आणला असता तर वाचला असता का, ते मी डॉक्टरला विचारलं न्हाई. विचारायची हिंमत झाली न्हाई. पण सहा घंटे तो तहानलेला तरी पडला नसता.

ठाण्यात मी बोललो, मुन्शीनं उर्दूत लिहिलं, मी खाली सही केली. रिपोर्टात होतं की गावच्या पोलीस पाटलानं हयगय केली. माणिकरावांना बोलावणं आलं. ते अमीनसाबांसमोर म्हणाले, "दवंडी ह्यांचीच व्हती, सरकार. गाव साक्षीला हाय."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "कैसी दवंडी?"

"लाश के बारे में थी, साब," मी म्हणालो.

साहेबांना ठाऊक होतं. त्यांनीच शाबासकी दिली होती. ते म्हणाले, ठीक है. माणिकरावांची पाटीलकी गेली. भाईर आल्यावर ते मला शिवी देतेल असं वाटलं होतं. जोडा पायात घालता घालता म्हणाले, "जवानसाब, गावानं तुमचं ऐकलं. येवढंच चुकलं."

पुढच्या महिन्यात मी अकराही चावड्यांवर गेलो. जिता असला तर आधी पाणी, आधी दवाखाना, मंग पोलीस, असं सांगितलं. पण पुन्हा दवंडी पिटवली न्हाई. पिटवली असती तर पहिली चुकली होती असं सगळ्यांना कळलं असतं. म्हणून हळू आवाजात सांगितलं. किती जणांनी ऐकलं, ठाऊक न्हाई.

निजामाचं राज्य गेलं तवा माझी नोकरीबी गेली. मी शेती केली. बाजारात गयाबाईला धुरपता भेटायची. दोघी घंटाघंटा बोलत उभ्या राहायच्या. काय बोलायच्या ते गयाबाईनं कधी सांगितलं न्हाई, अन् मी कधी विचारलं न्हाई. इतकी वर्षं एका घरात राहिलो. तिला सगळं कळलं होतं का, हे आता कळायचा मार्ग न्हाई. ती गेल्या पौषात गेली. शेवटचे आठ दिवस मी तिला चमच्यानं पाणी पाजत होतो. तवा सांगावं असं रोज वाटलं. ती माझ्याकडं बघायची अन् मी चमचा भरायचो.

आता नातवाच्या वयाची पोरं पोलिसात जातेत. भेटायला आली की विचारतेत, बाबा, काही सांगा नोकरीचं. मी त्यांना येवढंच सांगतो. पडलेल्या माणसाला आधी उचला. जागा मोडली, पंचनामा बिघडला, तर साहेब शिव्या देईल. त्या खाव्या. मी नोकरीभर खाल्ल्या, शिव्यांनी मला काही झालं न्हाई.