भिंगात लांब दिसणारी बैलजोडी

सानगडीच्या शाळेत मास्तरकी करत होतो तेव्हा फोटोग्राफीतलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता. दुसऱ्या कोणाचा नव्हता. जवाहरनगरच्या कारखान्यातल्या माझ्या मेहुण्याचा मात्र एकदम झाला, कारण त्याला एक झूम लेन्स विकायची होती. पस्तीस ते सत्तर मिलिमीटरची, म्हणजे आकडा वाढवला की लांबचं जवळ दिसणारी, मुठीत मावणारी आणि ‘फास्ट’, म्हणजे कमी उजेडातही काम भागवणारी. आठ दिवस वापरा, पटली तर ठेवा, म्हणाला.

मी परीक्षा घेतली ती अशी : वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवलं आणि त्याचे चारही कोपरे स्पष्ट येतात का, हे पाहण्यात अख्खा रोल फुंकला. निधनवार्ता झकास आल्या. इतका पद्धतशीर मूर्खपणा मी पुढेही क्वचितच केला.

घरमालक हे रोज पाहत होते. धान मळून झालं की आमच्याकडे शंकरपट भरतात, बैलांच्या शर्यती. मालकांची जोडी त्यात नावाजलेली, पण उजवा बैल थकला होता. ते म्हणाले, “मास्तर, भिताडाचे फोटो काढून राहिले, त मायी जोडी बी काढा ना. आखरीचा पट हाये तिचा. येक फोटो टांगाले पायजे.” वर बजावलं, बाजूला उभे राहा, शर्यत संपते त्या झेंडीसमोर नको.

बाजूने काय, कोणीही काढतं. ऐन दुपारच्या उन्हात ती अंधारातली लेन्स घेऊन मी झेंडीच्या पलीकडे, दाणीच्या मधोमध गुडघा टेकून बसलो. दाण म्हणजे बैल पळायची वाट. तिथे कुत्रंसुद्धा बसत नाही.

जोडी सुटली. मालक छकडीवर, कासरा हातात. सत्तरवर ती चौकटीत नेमकी बसली. जवळ येऊ लागली तशी मी लेन्स फिरवत गेलो, साठ, पन्नास, चाळीस. जोडी चौकटीत तेवढीच. बैल जेवढे पुढे येत, तेवढा मी त्यांना भिंगात मागे ढकलत होतो, आणि वाटत होतं, अजून खूप लांब आहेत. लोक ओरडत होते. मी समजलो, जोडीला चेव देताहेत. पस्तीसवर लेन्स संपली आणि बैल एकदम मोठे व्हायला लागले. मालकांनी कासरा खेचला. मालकांनी कासरा खेचला. पुढे असलेली मालकांची जोडी झेंडीच्या अलीकडेच वळून लाखोळीच्या शेतात घुसली, आणि शेजारच्या दाणीतली करडी गावची जोडी जिंकली.

मालकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. उजव्या बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

फोटो, दुर्दैवाने, उत्तम आला. वळलेल्या माना, नाकपुड्यांवरचा फेस, मालकांच्या तोंडातली शिवी, सगळं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्वच्छ. लेन्स पास झाली, परीक्षक नापास. मेहुण्याला ती परत केली. लेन्समध्ये काय वाईट आहे, असं त्याने विचारलं. काहीच नाही, म्हणालो.

मालक फोटो फाडतील असं वाटलं होतं. त्यांनी चौकट करून ओसरीत टांगला. येणारा पाहुणा विचारायचाच, जोडी दाण सोडून काहून पळून राहिली?

“तिच्या आडवं येक जनावर आलं होतं,” मालक सांगायचे. “फोटोत नाही दिसत. फोटो त्यानंच काढला.”

मी मागच्या खोलीत वह्या तपासत असायचो. तिथे आणखी चार वर्षं राहिलो. खोली चांगली होती.