उठताना सांगायची गोष्ट

व्यावसायिक संवाद या विषयात मी एम.ए. करत होते. म्हणजे काय, हे आमच्या गावी, पोशेऱ्यात, कुणालाही समजावून सांगणं मला जमलं नाही. आई शेजारणींना सांगायची, पोरगी बोलायला शिकते. शेजारणी माझ्याकडे दयेने बघायच्या, कारण त्यांच्या आठवणीप्रमाणे मी लहानपणी बरी बोलत होते.

पदवी मिळाली तर जव्हारच्या एका संस्थेत नोकरी होती, गरोदर बायांसाठी आरोग्याचे संदेश तयार करायची. नाही मिळाली तर दिवाळीनंतर भाऊ-वहिनीबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचं. घरात हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण माहीत सगळ्यांना होतं. आणि पदवी अडली होती शेवटच्या प्रकल्पावर.

विषय मीच निवडला होता. इतकी पत्रकं छापूनही आमच्याच भागातल्या वांगणीच्या पाड्यांवरच्या बाया गरोदरपणातल्या तपासणीच्या शिबिराला का येत नाहीत? बायांच्या मुलाखती घ्यायच्या, रेकॉर्डिंग जोडायचं, निष्कर्ष लिहायचे. मार्गदर्शक बाई शहरातल्या, स्वभावाने चांगल्या. त्यांचं एकच म्हणणं असायचं, जे रेकॉर्डिंगमध्ये नाही ते लिहू नका.

भातकापणी उरकल्यावर मी वांगणीला गेले. जिथवर जीप जाते तिथवर जीपने, पुढे पायी. प्रत्येक घरी बसायला मिळालं, पाणी मिळालं, कोरा चहा मिळाला. मी परवानगी विचारून फोनवर रेकॉर्डिंग सुरू करायची. मग नागली कशी झाली, आईचा गुडघा कसा आहे, कुणाची पोर कुठे दिली, असं नमनालाच घडाभर तेल. शिबिराचं विचारलं की प्रत्येकीचं उत्तर ठरलेलं, "बरां हाय. येतात, तपासतात. बरां हाय."

आमच्याकडे दारी आलेल्या माणसाशी बसून कामाचं बोलत नाहीत. बसल्या जागी फक्त बरं ते बोलायचं. खरी गोष्ट पाहुणा उठल्यावर, त्याला अंगणाच्या कडेपर्यंत पोचवताना सांगायची. सोयरीक मोडायची तर तीही तिथेच मोडतात. शहरातल्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं की मुद्दा पहिल्या वाक्यात आला पाहिजे. आमच्या लोकांचा मुद्दा चपलेत पाय घातल्यावर येतो.

मला ही रीत माहीत होती आणि तीच मला नडली. पोचवायला येणाऱ्या माणसासमोर फोन चालू ठेवणं म्हणजे त्याच्या घरी जेवून वर त्याचं ताट घेऊन जाण्यासारखं. म्हणून उठताना मी प्रत्येक घरी फोन बंद करून पिशवीत टाकला. शहरातून कुणी गेलं असतं तर त्याने चालूच ठेवला असता आणि त्याला पहिला वर्गही मिळाला असता.

शेवटच्या घरी माझ्या आईच्या वयाची एक बाई होती. तिची मोठी सून आदल्या वर्षी बाळंतपणात गेली, असं मला पाड्यावर आधीच कळलं होतं. बसून बोलताना तिने तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. अंगणाच्या कडेला आल्यावर ती म्हणाली, "ती शिबिराची गाडी येतं तवां आमी इठं नसतां, बाय. आमी भट्टीवं. तठं कोनी येत नाय. सून तठंच गेली."

उत्तर एवढंच होतं. दिवाळी झाली की पाडा रिकामा होतो, आणि गाडी येते ती त्यानंतर. पत्रकं बंद दारांना वाटली जातात. इतर घरांतून निघतानाही हेच तुकड्या-तुकड्यांनी कानावर आलं होतं. परतताना मला रडू येत होतं, आणि निष्कर्ष सापडला याचा आनंदही होत होता. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला तेव्हा कळलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे एक परीक्षक होते. त्यांनी विचारलं, "हे रेकॉर्डिंगमध्ये कुठे आहे?" मी त्यांना आमची रीत सांगितली. ते लक्ष देऊन ऐकत होते, हसलेसुद्धा. मग म्हणाले, "गोष्ट छान आहे. पण रेकॉर्डिंगमध्ये तर सगळ्या जणी समाधानी आहेत." पुरावा आणा, नाहीतर हा भाग काढा आणि पत्रकं अधिक आकर्षक करावीत असा निष्कर्ष लिहा, असं त्यांनी सुचवलं. मुदत शिमग्याच्या आधीची होती, आणि पाडा शिमग्याशिवाय परत येत नाही. इतकं समजावलं, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

भावाकडून पत्ता काढून मी त्या बाईच्या भट्टीवर गेले. ती विटा थापत होती. तिने हात धुतले आणि मला बसायला विटांवर गोणपाट टाकलं. मी बसले नाही. उभ्यानेच रेकॉर्डिंग सुरू केलं आणि फोन तिला दिसेल असा धरला. "मावशी, मी उठताना तू जे सांगितलंस, तेवढं परत सांग. माझी परीक्षा अडली आहे."

तिने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुला सांगलां व्हतां ना. मंग तू कोनाला सांगलां?"

"मोठ्या सरांना."

"मंग गाडी कवां येल?"

तिच्या मागे धाकटी सून डोक्यावर विटा घेऊन चालली होती. दिवस भरत आले होते तिचे. सासू माझ्या उत्तराची वाट बघत होती. सरांना ते पटलेलं नाही, हे मला तिच्या तोंडावर सांगवेना.

"येल," मी म्हणाले आणि फोन बंद केला.

ते रेकॉर्डिंग मी जमा केलं नाही. त्यात तिचं गाऱ्हाणं नव्हतंच, माझं आश्वासन तेवढं होतं. पत्रकं आकर्षक करावीत, असंही माझ्या हातून लिहून झालं नाही. मुदत गेली, जव्हारची जागा दुसऱ्या कुणाला गेली. पुढची दिवाळी झाल्यावर मी भाऊ-वहिनीबरोबर भट्टीवर निघाले. आता मीही विटा वाहते. गाडी अजून आलेली नाही.