पुण्याला पाठवायचा फोटो

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब होती. लहान मुलांच्या गाठी तपासायला आल्या की मला धाकधूक वाटायची. त्या मोठ्यांच्या गाठींसारख्या वागत नाहीत. मग काचेच्या स्लाइड्स कापसात गुंडाळून पुण्याला माझ्या सरांकडे पाठवायच्या. मुलांच्या आजारांत त्यांचा शब्द शेवटचा. पण एकदा डबा पोचला तो निम्मा भुगा होऊनच.

दोन हजार सालानंतर मी मायक्रोस्कोपवर डिजिटल कॅमेरा बसवला. "सर, आता फोटो ईमेलनं पाठवते," म्हटल्यावर ते फोनवर कडाडले, "फोटो बघून कुणी मुलगी पसंत करतं का? आधी पारखून घेऊ."

मग मी जुन्या केसेसचे फोटो पाठवले आणि त्यांनी निदानं कळवली. महिना-दीड महिन्याने, ते सगळं विसरल्यावर, सर कोल्हापूरला आले आणि त्याच स्लाइड्स नावं झाकून मायक्रोस्कोपखाली तपासल्या. शेवटी मी दोन्ही मतं ताडून वाचू लागले. बहुतेक जुळली. एका स्लाइडला मात्र सर भडकले.

"हा कॅन्सर नाही, असं कुठलं गाढव म्हणालं?"

"सर, तुम्हीच. फोटोवरून."

सर पुन्हा मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले. मग म्हणाले, "गाढवाला हा कोपरा दाखवलाच नव्हता."

तेव्हापासून नियम झाला : स्लाइडचा एकही कोपरा सोडायचा नाही.

त्यानंतरची पहिली खरी केस शिरोळची. पाच वर्षांच्या मुलीच्या मानेतली गाठ सर्जननी काढून माझ्याकडे पाठवली होती. तिच्या वडिलांना मी सांगितलं, "फोटो पुण्याला पाठवायचाय, उद्या या." दुसऱ्या दिवशी ते मुलीलाच घेऊन हजर. नवा फ्रॉक, तोंडभर पावडर, मानेला पट्टी.

"घ्या की फोटू, म्याडम."

"अहो, फोटो गाठीचा काढायचाय!"

"गाठीचा? मग हिला फुकटच नटवली व्हय?"

पोरीचा ओठ थरथरायला लागला. मी मुकाट्याने मायक्रोस्कोपवरचा कॅमेरा काढला आणि तिचा फोटो घेतला. गाठीच्या फोटोंबरोबर तोही पुण्याला गेला.

सरांचा फोन आला. "सगळे कोपरे पाहिले. गाठ साधी आहे, काळजी नको. शेवटच्या फोटोतला पेशंट मात्र फार रागावलेला दिसतो. त्याला खाऊ द्या."

मी हे सांगितलं तेव्हा वडील पंच्यानं डोळे पुसत म्हणाले, "लई झ्याक आला असंल की फोटू."