दिव्याच्या उलट बाजूला

मानसशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत, ठिपकेकाकांचं राज्य होतं. हे नाव त्यांना ज्याने कुणी दिलं त्याने अगदी नेमकं दिलं. दिवसभर त्यांच्या तोंडी एकच वाक्य असे, "हनुवटी इथे टेकवा, कपाळ पुढे, आणि ठिपक्याकडे बघा." समोर प्राध्यापक बसलेला असो की नुकताच दारू सोडलेला माणूस, काकांचा आवाज तोच. हलणाऱ्याची मात्र ते गय करत नसत. एकदा विभागाच्या मुख्य मॅडम स्वतः खुर्चीत बसल्या होत्या. काका त्यांनाही म्हणाले, "तुम्ही शिकवता छान, पण बसता वाईट." मॅडम हसल्या आणि मान ताठ करून बसल्या.

खोलीत एक खुर्ची, हनुवटी टेकवायचा स्टँड, समोर पडदा आणि पडद्याखाली छोटा कॅमेरा. माणसाची नजर कुठे वळते, कुठे रेंगाळते, हे तो कॅमेरा टिपून घेई. लाकडी आडोशापलीकडे काकांचं टेबल होतं. तिथल्या दुसऱ्या पडद्यावर समोरच्याची नजर हिरव्या खुणेसारखी इकडून तिकडे पळताना दिसायची. काकांचं तरुणपण चष्म्याच्या दुकानात गेलं होतं. दुकान बंद पडल्यावर तिथल्याच एका गिऱ्हाइकाने, म्हणजे या मॅडमनी, त्यांना इथे आणलं. यंत्र चालवायला कुणीही शिकेल, पण अनोळखी माणसाची मान न दुखावता सरळ करायला तुमच्यासारखाच माणूस हवा, असं त्या म्हणाल्या होत्या.

इथले खेळ दिसायला पोरकट होते. एका खेळात पडद्यावर दोन चित्रं येत, एक फुलदाणीचं आणि एक दारूच्या ग्लासचं. व्यसन सोडलेल्या माणसाची नजर आधी कुठे जाते ते बघायचं. एक थोराड ट्रकचालक हा खेळ संपल्यावर खुर्चीतून उठेचना.

"काका, मी खरंच सोडलीये हो," तो म्हणाला, "पण हे डोळे माझं ऐकत नाहीत."

"मी सिगारेट सोडली तेव्हा माझी मुलगी शाळेत होती," काका म्हणाले. "आता तिला मुलं झाली. तरी सिगारेटचं चित्र आलं की माझा डोळा आधी तिकडेच पळतो, यंत्रात बघितलंय मी. पळू दे की. हात जात नाही ना, मग झालं."

ट्रकचालकाला जरा बरं वाटलं असावं. जाताना तो काकांशी हात मिळवून गेला.

दुसरा खेळ काकांचा लाडका. पडद्याच्या मधोमध ठिपका असतो. मग अचानक उजवीकडे किंवा डावीकडे दिवा लागतो, आणि माणसाने दिव्याच्या उलट बाजूला बघायचं असतं. ऐकायला सोपं वाटतं, पण डोळा हट्टी असतो. दिवा दिसला की आधी तिकडेच धावतो. चूक सगळ्यांचीच होते. मात्र धडधाकट माणसाचा डोळा दिव्याकडे गेला की जीभ चावल्यासारखा लगेच मागे फिरतो. विस्मरणाचा आजार सुरू झालेल्या बऱ्याच जणांचा डोळा तिकडे जातो आणि तिथेच बसून राहतो. आपलं काही चुकलंय याचा त्यांना पत्ताच नसतो. नव्या विद्यार्थ्यांना हे समजावताना काका सांगत, "कितीदा चुकला ते नंतर मोजा, आधी चुकल्यावर फिरला का ते बघा."

रोज सकाळी कुणी यायच्या आत काका स्वतः खुर्चीत बसून हाच खेळ खेळत. यंत्र ठीक चालतंय ना हे तपासायची ही त्यांची स्वतःची रीत. त्यांचा डोळा इतका मुरलेला होता, की त्यांची सकाळची खूण स्वच्छ आली तर यंत्र ठीक, गडबडली तर यंत्र बिघडलं, असं विभागात सगळेच धरून चालत. या रीतीने कॅमेऱ्याची सैल झालेली वायर दोनदा सापडलीही होती. त्यामुळे तिच्यावर शंका घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

म्हणून जेव्हा सकाळची खूण बिघडायला लागली, तेव्हा काकांनी सगळं खापर यंत्रावर फोडलं. आधी त्यांनी कॅमेऱ्याची काच पुसली. मग स्टँडचे स्क्रू आवळले. खिडकीतून ऊन येतं म्हणून जाड पडदा लावला. काहीच फरक पडेना, तेव्हा त्यांनी कंपनीचा तंत्रज्ञ बोलावला. तो सगळं उघडून, बघून, बंद करून म्हणाला, "एकदम ठणठणीत आहे." काकांनी त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर, आजकालच्या पोरांना काही येत नाही, असा शेरा मारला. पुढच्या आठवड्यात त्यांनी त्याला परत बोलावलं.

दुसऱ्या खेपेला मात्र तंत्रज्ञाने काकांच्या जागी मॅडमच्या विद्यार्थिनीला बसवलं. पोरीचा खेळ झाला. दिवा उजवीकडे लागला की खूण डावीकडे, मधूनच एखादी चूक आणि लगेच माघार. सगळं जसं हवं तसं. तंत्रज्ञाने हत्यारांची पेटी उचलली आणि तो निघून गेला. विद्यार्थिनी खाली बघत पर्सची चेन उघडझाप करत राहिली.

"चष्म्याचा नंबर बदलला असेल माझा," काका म्हणाले.

"हो काका, असेल," पोरगी म्हणाली. तिला खोटं बोलता येत नव्हतं.

ती गेल्यावर काकांनी दार लोटलं आणि स्वतःचा त्या सकाळचा खेळ दुसऱ्या पडद्यावर लावला. दिवा डावीकडे लागला. हिरवी खूण सरळ दिव्यावर गेली आणि तिथेच थांबली. पुढचा दिवा उजवीकडे, खूण पुन्हा दिव्यावर. ना चलबिचल, ना माघार. खूण दिव्यावर गेली याचं त्यांना तितकंसं काही वाटलं नाही. पण सकाळी खुर्चीतून उठताना, आज एकही चूक झाली नाही, असं त्यांना ठामपणे वाटलं होतं. कुणी विचारलं असतं तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं. या खुर्चीत आजवर बसलेली म्हातारी माणसं त्यांना आठवली. किती समाधानाने उठायची ती.

दुपारी ते मॅडमकडे गेले आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगून मोकळे झाले.

मॅडमनी आधी त्यांना बसवलं. "काका, या एका खेळावरून एका माणसाबद्दल काहीच ठरत नाही, हे तुम्हीच मुलांना सांगता. झोप, गोळ्या, मोतीबिंदू, कशानेही होतं असं. नीट तपासून घेऊ."

"घेऊ," काका म्हणाले. "पण मॅडम, उद्यापासून सकाळी त्या पोरीला बसवा. माझ्या डोळ्यावर तुमचं सगळं काम उभं आहे."

मॅडमनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे केला आणि तपासणीची वेळ घ्यायला फोन उचलला.

तपासण्या झाल्या. डोळे चांगले निघाले, झोप चांगली निघाली, रक्तातही काही सापडलं नाही. शेवटी विस्मरणाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की आजाराची सुरुवात आहे, हळू जाईल, पण जाईल पुढेच. काकांनी बायकोला बरोबर नेलं नव्हतं. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा ती खिडकीपाशी मशीनवर शिवत बसली होती. काकांनी चहा केला, दोन कप घेऊन तिच्यासमोर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. मॅडमनी काम सोडू नका म्हटलंय, हेही सांगितलं. यंत्राला हात लावायचा नाही, पण येणाऱ्या माणसांना खुर्चीत बसवायचं काम त्यांचंच.

बायकोने मशीनवरचं कापड बाजूला सारलं.

"मला वाटतच होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. तुम्ही दोनदा पाव आणायचात, मग एक मी शेजारी देऊन यायचे. तीच गोष्ट परत सांगायला लागलात की मी पहिल्यांदाच ऐकतेय असं ऐकायचे."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"कसं बोलायचं? सांगताना किती खूश असायचात तुम्ही."

काकांना तिचा राग आला. मग कळलं की हा राग नव्हे, भीती आहे. इतके दिवस हिने आपल्याला सांभाळलं आणि आपल्याला ते कळलंसुद्धा नाही, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले.

"यापुढे मला सांगत जा," ते म्हणाले. "चुकलो की तिथल्या तिथे. माझ्या तोंडाकडे बघत थांबू नकोस. माझं मला कळत नाही आता, तू सांगितलंस तरच मी मागे फिरेन. एवढं कर माझ्यासाठी."

"जमेल असं वाटत नाही मला."

"जमव."

तिने मान हलवली. चहा निवून गेला होता, तो तिने तसाच पिऊन टाकला. मग दोघं मिळून भाजी चिरायला बसली. मुलीला कधी कळवायचं ते ठरवलं. थोड्या वेळाने काकांचा चेहरा एकदम खुलला.

"अगं, एक सांगायचं राहिलंच की. मॅडम म्हणाल्या, काम सोडू नका. माणसांना खुर्चीत बसवायचं काम माझंच."

बायकोची सुरी थांबली. हसून "अरे वा" म्हणायची सवय इतकी पक्की होती, की ते शब्द तिच्या ओठांवर आलेच होते. तिने ते गिळले.

"हे तुम्ही मघाशी सांगितलंत," ती म्हणाली. "चहा घेताना."

काकांचा चेहरा पडला. तो पडलेला तिला बघवेना, तरी ती बघत राहिली. काकांनी हात पुढे करून तिचं मनगट घट्ट धरलं.

"बरं केलंस," ते म्हणाले.