दोन गाड्या, एक पलंग आणि मधली भिंत

समजा, तुम्हाला एक घर निवडायचं आहे. घर चाकांवरचं. पिकअपच्या मागं जोडायचं आणि निघायचं. परत कुठं यायचं हा प्रश्नच नाही, कारण कळंब्यातला फ्लॅट तुम्ही विकणार आहात. या घरात एक पलंग, एक शेगडी, पाण्याची टाकी, छोटीशी न्हाणी आणि तुमच्या दोन मोटरसायकली मावल्या पाहिजेत. आता ठरवा. मागचा दरवाजा खाली पाडून त्याचाच उतार करायचा, तर तो किती तिरका? गाड्यांचं वजन चाकांच्या फार मागं गेलं, तर हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. फार पुढं आलं, तर पिकअपचं बूड बसतं. हे सगळं जमवलंत, तरी एक प्रश्न उरतोच. झोपायची जागा आणि गाड्या यांच्यामध्ये भिंत घालायची, की नाही?

राजशेखर आणि रुद्राणी या भिंतीवरून दोन वर्षं भांडले.

राजशेखर उद्यमनगरातला पॅटर्नवाला. फौंड्रीत ओतकामाला जो लाकडी नमुना लागतो, तो बनवणारा. नमुना वाळूत दाबायचा, त्याचा साचा उठतो, त्यात वितळलेल्या धातूचा रस ओततात. पण रस थंड होताना आटतो. म्हणून नमुना मूळ मापापेक्षा जरा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी या लोकांकडं वेगळी पट्टी असते. तिच्यावरचा एक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित लांब. बिडाची पट्टी वेगळी, पोलादाची वेगळी, कारण पोलाद जास्त आटतं. राजशेखरच्या दुकानात पोलादाच्या पट्टीचं टोक लाल रंगवलेलं होतं. ती वेगळ्या खिळ्याला टांगायची आणि नमुना सोडून दुसऱ्या कशालाही लावायची नाही, हे नवीन माणसाला तो कामाच्या आधी शिकवायचा. त्याचं माप कधी चुकलं, असं उद्यमनगरात कुणी ऐकलं नव्हतं. तोही ते कुणाला विसरू द्यायचा नाही.

रुद्राणी निपाणीची. बोलायची मराठी, चिडायची कानडीत. लग्नानंतर पंचवीस वर्षं ती राजशेखरच्या बुलेटवर मागं बसून हिंडली. आंबोली, गगनबावडा, गोकाक. मुलगी अवंतिका नोकरीला पुण्याला गेली आणि त्या महिन्यात रुद्राणीनं जाहीर केलं, "मला गाडी शिकवा."

"स्कूटर?"

"स्कूटर कशाला? मोटरसायकल. इतकी वर्षं तुमच्यासंगं फिरले आणि बघितलं काय? तुमची पाठ. गोकाकचा धबधबासुद्धा तुमच्या खांद्यावरनं अर्धाच दिसला मला."

तिनं जुनी येझदी घेतली, तिला मागं भलंमोठं कॅरियर बसवून घेतलं आणि वर्षाभरात ती राजशेखरच्या पुढं जायला लागली. घाटात वळणावर थांबून ती त्याची वाट बघायची आणि तो आला की म्हणायची, "पावणं, वाट चुकला व्हय?"

फिरत्या घराची कल्पना कुणाची, यावर त्या दोघांचं एकमत कधीच झालं नाही. पण दुकान पुतण्याकडं सोपवायचं आणि गाड्या घेऊन निघायचं, हे ठरलं. ट्रेलर बघायला ते पुण्यापर्यंत जाऊन आले. तिथं तयार घरं होती, आत सोफे, आरसे, निळे दिवे. रुद्राणीनं विक्रेत्याला विचारलं, "गाड्या कुठं ठेवायच्या?" तो म्हणाला, "मॅडम, बाहेर, मागं स्टँडवर." ती म्हणाली, "मग आम्ही बी बाहेर स्टँडवरच झोपू की. सोफा तुम्हाला राहू द्या." दुसऱ्या एकाकडं जागा भरपूर होती, पण राजशेखरनं वाकून खाली बघितलं तर एकच धुरा, दोनच चाकं. दोन गाड्या, पाणी आणि संसार दोन चाकांवर टाकायला तो तयार नव्हता.

शेवटी कागलचा ईरप्पा सापडला. तो ट्रॅक्टरच्या उसाच्या ट्रॉल्या बनवायचा. "अण्णा, ऊस वाहतूय माझी ट्रॉली," तो म्हणाला, "तुमचा संसार काय उसापेक्षा जड हाय?"

"माझा न्हाई," राजशेखर म्हणाला, "पण हिचा हाय."

मापं ठरवायला राजशेखरनं घरी ट्रेलरचा लाकडी नमुना केला. सागवानाचा, हातभर लांब. आत पलंग, ओटा, पाडता येणारं मागचं दार आणि बोटाएवढ्या दोन मोटरसायकली. एकीला कॅरियरसुद्धा. आणि पलंग व गाड्यांच्या मध्ये खाचेत बसणारी एक पातळ भिंत. नमुना टीव्हीशेजारी ठेवला होता. सकाळी राजशेखर दुकानाला जाताना भिंत खाचेत असायची. संध्याकाळी आला की भिंत बाजूला पडलेली.

"पेट्रोलचा वास रात्रभर डोक्यात जातोय," तो सांगायचा. "एखाद्या वेळी थेंब गळला आणि पहाटे तू चहाला शेगडी पेटवलीस, म्हणजे संपलं की सगळं."

"मग चहा तुम्ही करा."

"चेष्टा न्हाई, रुद्राणी."

"मी पण चेष्टा करत न्हाई. आधी तुमची पाठ बघितली, आता म्हातारपणी भिंत बघत झोपू? डोळा उघडला की मला माझी गाडी दिसाय पायजे. नायतर फ्लॅट काय वाईट हाय?"

तो भिंत घालायचा, ती काढायची. एकदा तर ती कणकेच्या डब्यात सापडली. घरकाम करणाऱ्या झुंबरबाईंना नमुन्याला हात न लावण्याची तंबी होती. त्या म्हणायच्या, "लोकं पोरावरनं भांडत्यात, जमिनीवरनं भांडत्यात. ही दोघं फळकुटावरनं."

उन्हाळा संपता संपता रुद्राणीचं पोट दुखायला लागलं. आधी तिनं ते कुणाला सांगितलं नाही. मग घाटात एका वळणावर ती थांबली होती ती राजशेखरची वाट बघायला नव्हे, हे त्याला तिच्याजवळ गेल्यावर कळलं. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. एका सकाळी पिशवी भरून दोघं दवाखान्यात गेली. निघताना ती परत आत गेली होती. काहीतरी राहिलं म्हणाली.

ती दवाखान्यात असताना ईरप्पाचा फोन आला. "अण्णा, कारखान्यांचा हंगाम जवळ आला. एकदा ट्रॉल्यांची गर्दी सुरू झाली की तुमच्या घराला दिवाळी उलटंल. बुलेट मी मोजली हाय. अक्काच्या गाडीचं माप तेवढं द्या."

"जावा की," रुद्राणी पलंगावरून म्हणाली. "हितं बसून माझं तोंड किती बघणार?"

येझदी दुकानात उभी होती. पुतण्या जेवायला गेला होता. राजशेखरनं पट्टी घेतली, गाडी पुढच्या चाकापासून कॅरियरच्या टोकापर्यंत मोजली, आकडा ईरप्पाला फोनवर सांगितला.

"वर चार बोटं सोडू न्हवं?" ईरप्पानं विचारलं.

"काय गरज न्हाई. पुढचं चाक खोबणीत घट्ट बसलं पायजे, गाडी हलाय नको. माझ्या मापाला सूट लागत न्हाई, ईरप्पा."

परत आल्यावर रुद्राणीनं विचारलं, "घेतलं माप?"

"घेतलं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि कुशीवर वळली. भिंतीचा विषय तिनं काढला नाही. त्यानंही काढला नाही. बरी होऊन आली की भांडायला वेळच वेळ होता.

ती बरी होऊन आली नाही.

त्यांच्यात देह बसवून समाधी देतात. खड्डा खणला जात होता तेव्हा राजशेखर पाठ करून उभा राहिला. आयुष्यभर मापं घेणाऱ्या माणसानं ते एक माप कुणाला विचारलं नाही.

घर पाहुण्यांनी भरलं आणि रिकामं झालं. अवंतिका पुण्याला परतली त्या दिवशी तो टीव्हीसमोर बसला आणि त्याचं लक्ष नमुन्याकडं गेलं. भिंत खाचेत होती. नीट, शेवटपर्यंत दाबलेली. दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी भिंत बाहेर पडलेली त्यानं स्वतः बघितली होती. त्यानं अवंतिकाला फोन केला. ती म्हणाली, "मी कशाला हात लावू, अप्पा?" झुंबरबाईंना विचारलं. त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "वैनीचा दम होता मला. म्या कवाच शिवले न्हाई."

काहीतरी राहिलं म्हणून ती आत गेली होती, ते हे.

ईरप्पा सांत्वनाला आला. जाताना चाचरत म्हणाला, "अण्णा, सांगाडा उभा हाय. पर आता एकच गाडी धरू का? जागा मोकळी हुईल. पलंग ऐसपैस करू."

"दोन धर."

"अण्णा, चालवणार कोण?"

"ट्रेलरचा तोल दोन गाड्यांवर काढलाय," राजशेखर म्हणाला. "एकच ठेवली तर एका अंगाला झुकंल." हे खरं होतं आणि दोघांनाही ठाऊक होतं की कारण ते नाही. "आणि भिंत घाल," तो पुढं म्हणाला. "तिनं घातलीया."

अवंतिका फोनवर रडली, मग भांडली. "दोघांनी जायचं होतं तुम्ही. एकटे कुठं राहणार अप्पा? आजारी पडलात तर?" फ्लॅटमध्ये तो रोज सकाळी नमुन्याकडं बघायचा. भिंत जागेवर असायची. संध्याकाळी घरी यायचा. भिंत जागेवरच असायची. असल्या घरात त्याला राहवत नव्हतं, हे मुलीला कसं सांगायचं?

ट्रेलर तयार झाला. कागलला ईरप्पाच्या आवारात उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत तो पांढराशुभ्र उभा होता. दार पाडलं, बुलेट चढवली, चाक भिंतीवरच्या खोबणीत गेलं. मग येझदी. तिची टाकी केव्हाच कोरडी झाली होती. ईरप्पाच्या माणसांनी ती ढकलत वर नेली. चाक खोबणीत टेकलं. दोघांनी दार उचललं.

दार लागेना. येझदीचं कॅरियर आडवं येत होतं. जेमतेम दोन बोटं.

"परत घ्या, तिरकी गेली असंल," ईरप्पा म्हणाला. परत घेतली. परत दोन बोटं. ईरप्पाचा चेहरा उतरला. त्यानं टेप काढून ट्रेलर मोजला. "अण्णा, तुमी दिल्यालं माप बरोबर ठेवलंय. बघा तुमीच."

राजशेखरनं टेप घेऊन आधी ट्रेलर मोजला. बरोबर होता. मग गाडी मोजली. मग टेप हातात धरून तो तसाच उभा राहिला. दुपारचं रिकामं दुकान त्याला आठवलं, खिळ्यावरची पट्टी काढणारा स्वतःचा हात आठवला. पट्टीचं टोक लाल होतं. लांब सेंटिमीटरची पट्टी, म्हणून गाडीचा आकडा कमी आला. त्या दिवशी त्यानं रुद्राणीची गाडी पोलादाच्या पट्टीनं मोजली होती. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

"माझी चूक हाय," तो म्हणाला.

ईरप्पाला हे पटायला वेळ लागला. मग तो सावरून म्हणाला, "दोन बोटं तर हायत. कॅरियर कापतो, पाच मिनिटांचं काम."

"तिच्या गाडीला आरी लावायची न्हाई."

"मग मागचं दार लांबवू?"

"वजन मागं जाईल."

"मग आता काय, अण्णा?"

राजशेखर आत गेला. प्लायवूडची भिंत, तिच्यावर पत्र्याची खोबण, पलीकडं त्याचा पलंग. हीच ती भिंत जिच्यासाठी तो दोन वर्षं भांडला, पेट्रोलच्या वासासाठी. वास यायला येझदीत पेट्रोल होतंच कुठं? राहिली बुलेट. तिची टाकी मुक्कामाला काढून बाहेर ठेवता आली असती. हे तेव्हाही सुचू शकलं असतं.

"भिंत काढ," तो म्हणाला.

"आं?"

"काढ म्हणतोय न्हवं. खोबणी जमिनीवर पुढं घे."

पाने आले, नट सुटले, भिंत निघाली. ईरप्पानं नवी खोबणी मारली. येझदी पुढं सरकली आणि पुढचं चाक पलंगाच्या कडेला येऊन थांबलं. मागचं दार लागलं, एका झटक्यात.

"जरा आडवं पडून बघा, अण्णा," ईरप्पा हळू म्हणाला. "लांबी पुरतीया का."

राजशेखर बूट काढून पलंगावर आडवा झाला. उशीच्या जागेवरून येझदीचा दिवा आणि हँडल समोर दिसत होतं. डोळा उघडला की दिसेल असं. त्याला हुंदका आला तो त्यानं थांबवला नाही. बाहेर कुणीतरी ग्राइंडर चालू केला आणि ईरप्पानं ओरडून तो बंद करायला लावला.

बऱ्याच वेळानं तो उठून बसला. ईरप्पा दारातच उकिडवा बसला होता.

"ईरप्पा, एक सांग मला," राजशेखर म्हणाला. "दोन वर्षं नको नको म्हणत होती. आणि दवाखान्याला जाताना परत आत जाऊन आपल्या हातानं नमुन्यात भिंत घातली. माझ्यासाठी घातली, का आपण आता येणार न्हाई हे तिला ठावं होतं म्हणून घातली?"